आतली कडी

आमच्या घरी पाहुणा आला की पाण्याचा पेला हातात देतानाच त्याला एक गोष्ट सांगावी लागते. बाथरूममध्ये गेलात की गाणं म्हणा. गाणं येत नसेल तर पाढे म्हणा, खाकरत राहा, काय वाटेल ते करा, पण गप्प राहू नका. कारण दाराला आतून कडी नाही. बाथरूमच्याच नव्हे, घरातल्या एकाही दाराला नाही. नवा पाहुणा हसतो, त्याला वाटतं गंमत चाललीय. मग थोड्या वेळाने आतून त्याचा चिरका आवाज यायला लागतो आणि आम्ही आपापल्या कामाला लागतो. माझ्या बायकोचे मामा एकदा मुक्कामाला होते. जाताना म्हणाले, "घर छान आहे हो, पण घसा बसला." माझी बायको तर लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आमच्या खोलीच्या दाराला आतून टेबल लावायला शिकली. ते टेबल अजून तिथेच आहे.

आणि हे घर कुणाचं, तर सुताराचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सुतार म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही दोघं मिळून लाकडाच्या केबिन बनवतो. पहारेकऱ्याची चौकी, तिकीटखिडकी, बागेतली खोली, कुणाला परसात अभ्यासाला जागा. डोकं दादाचं, आरडाओरडा माझा, असं गिऱ्हाइकं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे, कारण बोलण्यात दादाचा हात कुणी धरणार नाही. बाजारात त्याला सगळे 'रेडिओ' म्हणतात. रंधा मारताना बोलतो, जेवताना बोलतो, ओठांत खिळे धरूनही बोलतो. हवा, लाकूड, शेजाऱ्याचं कुत्रं, पेपरातली बातमी, विषयाला तोटा नाही. ऐकणारा उठून गेला तरी बोलणं चालूच. रेडिओला काय त्याचं!

पण लोकांना माहीत नाही ते मला माहीत आहे. दादा मुळात मुखदुर्बळ होता. आई म्हणायची, ह्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड लागते. वहिनींच्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो एकच वाक्य बोलला होता, तेही त्यांच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाबद्दल. पुढे वहिनीच हसत सांगायच्या, की त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं.

त्यांना मुलगी झाली आणि आठवड्याच्या आत गेली. हे मी एका वाक्यात सांगतो, कारण आमच्या घरात ते कधी एका वाक्याहून जास्त सांगितलंच गेलं नाही. त्यानंतर वहिनींनी बोलणं सोडलं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, नुसत्या गप्प झाल्या. आम्हाला वाटलं दुःख आहे, हळूहळू ओसरेल. दादा त्यांच्याशेजारी जाऊन बसायचा, पण तोही मुलखाचा अबोल. दोघं तासन् तास एका खोलीत न बोलता बसून असायचे. मग एका दुपारी वहिनी मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.

दादाने हाक मारली. पुन्हा मारली. मग मला ओरडून बोलावलं, पण मी पोचेपर्यंत त्याने खांद्याने दार फोडलं होतं. आत त्याने काय पाहिलं ते त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की तो वहिनींना उचलून धावत बाहेर आला आणि "गाडी काढ" म्हणाला. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

वहिनी दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी दादाने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि घरातली एकेक कडी काढून टाकली. आणि त्या आल्या त्या दिवसापासून तो बोलायला लागला. सवय नव्हती त्याला. वाक्यं अडखळायची, विषय सुचायचे नाहीत, मग खिडकीतून दिसेल ते सांगत बसायचा. ते बघ, दूधवाला आला. आज त्याच्या सायकलला घंटी नाही वाटतं. वहिनी ऐकतात की नाही तेही कळायचं नाही. असे कित्येक दिवस गेले, आणि एका सकाळी वहिनी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "घंटी आहे. उजव्या बाजूला." दादा आमच्या कामाच्या शेडमध्ये आला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. तेव्हापासून तो थांबलेला नाही.

वहिनी पुढे सावरल्या. लहान मुलांच्या शाळेत शिकवायला लागल्या, वर्षानुवर्षं शिकवत राहिल्या, केस पांढरे झाले. कड्या मात्र परत आल्या नाहीत. कुणी विषयच काढला नाही. अळीमिळी गुपचिळी. माणसाला कशाचीही सवय होते, गाणं म्हणत आंघोळ करायचीसुद्धा.

शाळेतून निवृत्त झाल्यावर वहिनी एका मैत्रिणीबरोबर मौन शिबिराला गेल्या. तिथे म्हणे कुणाशी बोलायचं नाही, फोन नाही, डोळे मिटून बसायचं. दादाचे ते दिवस कसे गेले ते मला विचारा. त्या काळात त्याने कापलेल्या फळ्यांतली एकही मापात नव्हती, सगळ्या सरपणात गेल्या. वहिनी परत आल्या त्या चांगल्या हसतमुख. आल्यावर दोनतीन दिवसांनी जेवताना म्हणाल्या, "मला एक केबिन बांधून द्या. शेडच्या मागे चढावर, झाडांमध्ये. एका माणसाला बसता येईल एवढीच."

दादाचा घास हातातच राहिला. "कशाला?"

"ध्यानाला बसायला."

"घरात बसायला जागा कमी आहे?"

"घरात तुम्ही आहात," वहिनी म्हणाल्या. रागाने नाही, 'बाहेर ऊन आहे' म्हणावं तसं म्हणाल्या.

राग मला आला. माझा स्वभावच तसा, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "वाहवा वहिनी! ज्या माणसाने तुमच्यासाठी..." पण दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य मी घासाबरोबर गिळलं.

दादाने कामाला हात घातला. इतक्या परक्या लोकांना केबिन बांधून दिल्या, बायकोने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, नाही कसं म्हणणार? पण कागदावर जे उतरत होतं ते बघण्यासारखं होतं. पहिल्या नकाशात दोन बाक होते. वहिनी म्हणाल्या, "एकच माणूस बसणार आहे." दादा म्हणाला, "कुणी आलं-गेलं तर?" त्यावर वहिनींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या नकाशात बाक एकच, पण खिडकी ही एवढी मोठी आणि नेमकी शेडच्या तोंडावर. आत बसलेलं माणूस खाली रंधा मारणाऱ्याला सतत दिसत राहील अशी. वहिनींनी पेन्सिलीने ती खिडकी खोडली आणि पलीकडच्या भिंतीवर काढली, जिथून फक्त झाडं आणि ओढा दिसतो. तिसऱ्यात घंटेची दोरी होती, केबिनमधून थेट शेडपर्यंत. "काही लागलं-बिगलं तर," दादा म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "मला काही लागणार नाही," आणि दोरीही खोडली.

वाचणाऱ्याला हसू येईल. मलाही यायचं, पण दादाचा चेहरा पाहिला की जागच्या जागी विरायचं. सकाळी त्याचे डोळे लाल असायचे आणि तोंडाचा पट्टा दुप्पट वेगाने चालायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आणि इथे तर वहिनी स्वतःहून म्हणत होत्या, मला एका खोलीत एकटीला गप्प बसायचंय. ते ऐकून त्याला कुठली दुपार आठवत असेल ते त्यांना कळत नव्हतं का? कळत असणार. पण इतकी वर्षं न बोललेली गोष्ट आता कुणी उकरायची? मला दोघांचाही राग यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची. ह्या घराचं आता काय होणार, हा विचार डोक्यातून जाईना.

आता आमच्या कामाची एक रीत सांगितली पाहिजे. दादाचा नकाशावर विश्वास नाही. लाकूड कापायच्या आधी तो जागेवर खुंट्या ठोकतो, सुतळी बांधून भिंती आखतो, आत खुर्ची ठेवतो आणि गिऱ्हाइकाला त्या दोरीच्या घरात राहायला लावतो. "हां, सकाळ झाली. या आत. दार लावा. पिशवी कुठे ठेवाल?" लोक आधी लाजतात, मग रंगतात. एका पहारेकऱ्याने तर हवेतल्या शेगडीवर चहा करून मला कप दिला होता. ज्याचा हात जिथे जाईल तिथे दादा खडूने खूण करतो, सुतळीला चिंधी बांधतो. तिथेच मूठ, तिथेच फळी, तिथेच खुंटी. एकदा खूण झाली की ती वस्तू तिथे बसणार म्हणजे बसणार, मग गिऱ्हाइकाने तोंडाने काही का सांगेना.

वहिनींसाठीही दोरीचं घर आखलं. चढावर, ओढ्याच्या अलीकडे, एका सपाट जागी. वहिनी आल्या, दारापाशी उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी गिऱ्हाइकांची ही नाटकं लांबून पाहिली होती, आज त्यांची पाळी. थोड्या खुशीतच होत्या.

"हां, या," दादा म्हणाला. "दार उघडा."

वहिनींनी हवेतलं दार आत ढकललं. चपला बाहेर काढल्या. आत आल्या.

"लावा दार."

लावलं. आणि मग त्यांचा उजवा हात वर गेला, दोन बोटांनी काहीतरी धरलं आणि सरकवलं.

तिथे काही नव्हतं. सुतळीसुद्धा नव्हती. पण मला टक्क असा आवाज ऐकल्यासारखं वाटलं. दादाने खूण केली नाही. खडू त्याच्या हातात तसाच राहिला.

"त्याला कडी नाहीये," तो म्हणाला.

"पण मला हवीय."

"इथे झाडीत कोण येतंय? मी आहे खाली. हा आहे."

"तुम्ही आहात म्हणूनच हवीय."

"मग आकडा लावतो. बाहेरून सळई घालून काढता येईल असा."

"बाहेरून निघेल ती कडी कसली हो?" वहिनी म्हणाल्या.

दादाने खडू खिशात टाकला. वहिनींनी हवेतली कडी काढली, दार उघडलं, बाहेर आल्या, चपला घातल्या. एवढ्या रागातही दोरी ओलांडली नाही, दारातूनच आल्या. म्हणाल्या, "बहिणीच्या गावी मी एक खोली बघून ठेवलीय. भाड्याची. लहान आहे, पण दार आतून लागतं. इथे जमणार नसेल तर मी तिकडे राहायला जाते. भांडून जाणार नाही. पण जाईन."

आणि उतरून गेल्या. दादा बराच वेळ त्या सुतळीच्या दाराकडे बघत उभा होता. मी त्याला हाताला धरून खाली आणलं.

संध्याकाळी मी वहिनींना गाठलंच. त्या ओट्यापाशी भाजी चिरत होत्या. म्हटलं, "वहिनी, एवढ्याशा कडीसाठी संसार मोडता?"

"भाऊजी, ती भांडी विसळा जरा," त्या म्हणाल्या. मी नळाखाली हात घातले तेव्हा पुढे बोलल्या. "मी बाथरूममध्ये गेले की बाहेर पावलं थांबतात. झोपले की कुणीतरी वाकून माझा श्वास ऐकतं. थोडा वेळ गप्प राहिले की लगेच काहीतरी सांगायला सुरुवात. तीस वर्षं. त्यांनी मला वाचवलं, मी विसरलेले नाही. पण ते अजून वाचवतच आहेत. मी कधीच बरी झाले, भाऊजी. हे त्यांना कळलंच नाही."

"मग सांगा ना त्याला तसं."

"सांगून पटेल? मी बरी आहे म्हटलं की ते जास्तच घाबरतात. म्हणून कडी हवीय. रोज आतून लावायची, रोज आतून उघडायची आणि आपल्या पायांनी बाहेर यायचं. असं रोज पाहिलं तर पटेल कधीतरी. आणि नाही पटलं तर निदान मी तेवढा वेळ एकटी असेन."

मी तावातावाने गेलो होतो, भांडी विसळून परत आलो. शेडमध्ये जाऊन दादाला सगळं जसंच्या तसं सांगितलं, माझ्या पोटात काही राहत नाही. दादा पटाशीला धार लावत होता. ऐकून घेतलं आणि डावा खांदा चोळत म्हणाला, "दार फोडलं तो खांदा तुझा नव्हता. मी हाका मारत होतो ना, तेव्हा आतून काहीच येत नव्हतं. काहीच नाही. तशी शांतता तू ऐकलेली नाहीस. आता तीच तिने मागितलीय, आणि मी ती माझ्या हाताने बांधून द्यायची."

"नको बांधूस मग."

"तर जाईल ती," दादा म्हणाला. "तिकडे गेली तर मला तो दरवाजा बघायलाही मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने लाकूड कापायला घेतलं.

ते काम मी विसरणार नाही, कारण दादा त्या कामात बोललाच नाही. बाजारात लोक मला विचारायचे, रेडिओ बिघडला का रे? चांगलं सुकलेलं, जपून ठेवलेलं लाकूड त्याने काढलं. दगडांवर चार पाय उभे केले, म्हणजे ओल चढायला नको. जमिनीच्या फळ्या उघड्या पायाला लागतील म्हणून हाताने घासल्या, गालावर फिरवून पाहिल्या. छपराला उतार असा दिला की पाणी खिडकीवरून ओघळू नये. खिडकी वहिनींनी काढली तिथेच, झाडांकडे. शेडच्या बाजूची भिंत सलग, एक फट नाही. ती भिंत त्याने सगळ्यात शेवटी भरली. शेवटची फळी ठोकायच्या आधी तो तिच्या जागेतून खाली शेडकडे बघत थोडा वेळ उभा राहिला, मग ठोकली.

कडी आणायला तो स्वतः दुकानात गेला आणि दुपार घालवून आला. पितळेची सरकती कडी, हातात घेतली की गार आणि जड लागणारी. ती बसवताना त्याने मला कुठल्याशा कामाला पिटाळलं. मला नवल वाटलं नाही. म्हटलं, डोळ्यांत पाणी आलं तर धाकट्या भावाने बघू नये असं वाटत असेल.

पहिल्या दिवशी वहिनी सकाळीच एक चटई घेऊन वर गेल्या. आम्ही दोघं शेडमध्ये. झाडांत पाखरांचा कलकलाट चालला होता, तरी तो आवाज आला. टक्क. ह्या वेळी खरा.

दादाचा रंधा फळीच्या मध्यावर थांबला. तो पुढेही जाईना आणि मागेही येईना. मी काहीतरी बोलायचं म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलायला लागलो तर हात वर करून मला गप्प केलं. त्याला ऐकायचं होतं. ऐकायला काही नव्हतंच. तो दोनदा चढाच्या वाटेपर्यंत गेला आणि दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मीच त्याला दंडाला धरून बसवलं. साठीला आलेला माणूस, पण त्या घडीला मला तो त्या दुपारच्या दादासारखाच दिसला.

मग पुन्हा टक्क. वहिनी चटईची गुंडाळी काखेत मारून उतरल्या, आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "चहा टाकते." दादा "हो" म्हणाला आणि लाकडाच्या ढिगामागे जाऊन ओकला.

असं रोज व्हायला लागलं. ओकणं थांबलं, रंधा थांबणं चालूच. पण मला समाधान होतं. वहिनी कुठे जात नव्हत्या, घर शाबूत होतं. आणि मग एके दिवशी बिजागऱ्या शोधताना मला डब्याच्या तळाशी पितळी स्क्रूंची पुडी सापडली. लांब, जाडजूड, न वापरलेले. त्या कडीबरोबर दुकानातून येतात तेच. मग कडी बसवली कशाने?

वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी वर गेलो, एक स्क्रू फिरवला. दोन-तीन वेढ्यांतच तळहातावर आला. टाचणीएवढा. सगळेच तसले. दार आत उघडणारं. बाहेरून खांदा नको, कोपर पुरला असता, चौकटीवरचं कडीचं पितळी घर उचकटून आलं असतं. मी तो पुन्हा बसवला आणि तरातरा खाली आलो.

"दादा, हे काय केलंस?"

"लांब स्क्रूने चौकट चिरते," तो मान वर न करता म्हणाला.

"मला शिकवतोस? आधी भोक पाडलं तर कशी चिरेल? वहिनी रोज कडी लावून बसतात आणि ती कडीच नाही. फसवणूक आहे ही."

"तिच्यासाठी कडी आहे," दादा म्हणाला. "माझ्यासाठी नाही. एवढं राहू दे मला. त्याशिवाय मला खाली बसता येत नाही रे." मग रंधा उचलत, "तिला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. माझ्या आयुष्यात मी पोटात ठेवलेली ही पहिली गोष्ट असेल, आणि ती मला काही धड जेवू देईना. वहिनी समोर आल्या की मी उगाच चिडचिड करायचो. माझी बायकोही त्या दिवसांत माझ्यावर खेकसत होती, भाजीच्या सुरीचं टोक मोडलं म्हणून. तुमच्या शेडमध्ये हत्यारं कमी पडली का, म्हणून. मी सुरीला हातही लावला नव्हता, पण ऐकतो कोण?

दादाचा हिशोब असा होता: तसले स्क्रू रोजच्या वापराने ढिले होणार. मग तो गुपचूप जाऊन आवळणार. दोन आठवडे गेले, महिना गेला, कडी काही हलेना. शेवटी त्यालाच राहवेना. एका दुपारी वहिनी झोपलेल्या पाहून तो वर गेला आणि थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली. आवाज असा होता की मी धावतच गेलो.

तो दारात उकिडवा बसला होता. "घट्ट आहेत," म्हणाला. "बघ."

मी वाकून पाहिलं. स्क्रू तेच होते, छोटे. पण त्यांच्या डोक्यावरच्या खाचा खरवडलेल्या होत्या. स्क्रूड्रायव्हरने तसं होत नाही. एका खाचेत पोलादाचा बारीक तुकडा अडकला होता, सुरीच्या टोकाचा.

तीस वर्षं सुतारांच्या घरात काढलेल्या बाईला कडी हाताने सरकवताच कळलं असणार, पहिल्याच दिवशी. कळलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. ढिले होतील तेव्हा स्वयंपाकघरातली सुरी नेऊन तेच स्क्रू आवळत राहिल्या, म्हणजे निघून पडायला नकोत आणि दादाला ओशाळायला नको. दादा आत गेला आणि त्या एकाच बाकावर बसला. केबिन बांधल्यापासून तो पहिल्यांदाच तिथे बसत होता. "तिला माहितीय," म्हणाला. "मी दाराशी उभा आहे हे माहीत असून ती आत बसते रोज."

संध्याकाळी त्याने लांब स्क्रूंची पुडी आणि स्क्रूड्रायव्हर वहिनींच्या पुढ्यात ठेवला. वहिनींनी पुडी उघडून पाहिली, बंद केली. मी आपला चहाच्या कपात तोंड घालून बसलो होतो. त्या रात्री दादा जेवला नाही.

सकाळी वहिनी चटई, पुडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन वर गेल्या. टक्क झालं. दादाने रंधा खाली ठेवला आणि बाकड्याच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा राहिला. आता ते दार त्याच्या कोपराने काय, खांद्यानेही उघडणार नव्हतं. तो चढाकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

केव्हातरी टक्क झालं. वहिनी खाली आल्या आणि स्क्रूड्रायव्हर दादाच्या हातात दिला.

"लावलेस लांबवाले?" दादाने विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तिथे खिडकीत ठेवलेत. छोटेच आवळले परत. सुरी मोडत होती म्हणून स्क्रूड्रायव्हर नेला."

"का नाही लावलेस?"

"लांब स्क्रूने चौकट चिरते," वहिनी म्हणाल्या.

मी पुढच्या फळीवर खिळा ठेवला आणि न ठोकताच हातोडी खाली ठेवली. दादा स्क्रूड्रायव्हर उलटासुलटा करत राहिला. वहिनी जायला वळल्या, चार पावलं गेल्या आणि परत आल्या. त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "बोला ना काहीतरी."

आणि रेडिओला विषय सुचेना.